ग्लास हातातून सुटला की तो उष्टा

पत्र थोडं छोटं केलंय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

"ताई, मी २३ वर्षांची, जळगावला एका ऑफिसात कामाला आहे. मागच्या रविवारी ग्रुपमधल्या एकाच्या मळ्यात भरीत पार्टी होती, यावलकडे. आम्ही चार मुली आणि सात-आठ मुलं. मी दारू पीत नाही, कोल्ड्रिंक घेतलं, तेही अर्धा ग्लास. ग्लास विहिरीच्या कठड्यावर ठेवून फोटो काढायला गेले, परत आल्यावर तोच उचलला, म्हणजे मला जो माझा वाटला तो. थोड्या वेळाने पाय जड झाले, जीभ वळेना, आणि मग काहीच आठवत नाही, एकदम रात्री दहाला मैत्रिणीच्या घरी जाग आली. ती सांगते की एक सिनियर म्हणत होता, हिला मी सोडतो, तू जेवून घे. तिने ऐकलं नाही, भावाला गाडी घेऊन बोलावलं. पण मधली पंधरा-वीस मिनिटं मी तिलाही दिसले नव्हते. ग्रुपमध्ये सगळे म्हणतात ऊन लागलं असेल, रिकाम्या पोटी होतीस, उगाच कोणाचं नाव खराब करू नको. आईला सांगितलेलं नाही. सहा दिवस झाले, आता काही उपयोग आहे का? आणि जूनमध्ये लहान बहीण पुण्याला शिकायला जातेय, तिला काय सांगू? - नाव नको"

अगं, पत्र वाचल्या वाचल्या तुला दोन ओळी पाठवल्याच आहेत की आजच्या आज सरकारी दवाखान्यात जा म्हणून. बाकीचं इथे लिहिते, कारण असंच काहीतरी पोटात ठेवून बसलेल्या अजून चार जणी हे वाचत असतील.

आणि हो, ऊन. भरताची वांगी निघतात थंडीत, पार्ट्या होतात डिसेंबर-जानेवारीत, संध्याकाळी शेकोटीजवळून कोणी उठत नाही अशा दिवसांत. पौषात ऊन लागलं म्हणे!

आता नीट बोलू. तुझ्या ग्लासात काही होतं का हे मी इथे बसून सांगू शकत नाही, तपासणीशिवाय कोणीच सांगू शकत नाही. उपाशीपोटी बीपी खाली जाऊन माणूस पडतो हे खरं आहे, पण तो पाच-दहा मिनिटांत भानावर येतो, चार-पाच तास डोक्यातून कोरे होत नाहीत. पाय जड, जीभ जड, आणि मग मधला तुकडाच गायब, हे जेवढं घेतलं त्याच्या मानाने फार जास्त आहे, आणि हीच खूण असते. 'अर्ध्या ग्लासात एवढं कसं' असा प्रश्न पडला की समजायचं काहीतरी गडबड आहे. झोपेच्या, चिंतेच्या ज्या गोळ्या असतात ना, त्यांचं असं असतं की माणूस कधी कधी डोळे उघडे ठेवून चालतो, हो-नाही म्हणतो, बघणाऱ्याला वाटतं शुद्धीत आहे, पण मेंदू त्या वेळेचं काही साठवूनच ठेवत नाही. म्हणून "तू तर स्वतः चालत गेलीस" असं कोणी म्हटलं तर त्याला काडीचा अर्थ नाही. अशा अवस्थेतला होकार कायदाही होकार धरत नाही. नशेमुळे किंवा गुंगीचं काही दिल्यामुळे जिला काय चाललंय हे कळत नव्हतं तिची संमती ही संमतीच नाही, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये स्वच्छ लिहिलंय.

लोकांच्या डोक्यात अजून सिनेमातलाच रुमाल आहे, नाकाला लावला की बाई धाडकन पडली. क्लोरोफॉर्मने कोणी दोन सेकंदांत बेशुद्ध होत नाही, मिनिटंच्या मिनिटं हुंगवावा लागतो तो. खरं जे चालतं ते इतकं साधं असतं की कळतच नाही. गुंगीच्या औषधांची परदेशातली नावं तू वाचली असशील, रोहिप्नॉल, जीएचबी, केटामाइन. त्यातल्या रोहिप्नॉलचा इतका बोभाटा झाला की कंपनीने नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोळीत निळा रंग घातला, पाण्यात पडली की पाणी निळं व्हावं म्हणून. पण तो रंग त्या एका गोळीत, बाकीच्यांचं काय? आणि आपल्याकडे कशाला परदेशातलं हवंय, इथे अल्प्राझोलम आहे की, चिंतेवरची गोळी. मालेगाव-धुळ्याकडे 'कुत्ता गोळी' म्हणून चोरून विकतात आणि अधूनमधून पोलीस पकडल्याची बातमी येते ती हीच. कागदावर ही शेड्यूल एच-वन मधली गोळी आहे, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि दिली तर मेडिकलवाल्याने वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं, असा नियम २०१४ पासून आहे. नियम आहे.

आणि सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू ही गोळी नाहीच, ती दारू आहे. कोल्ड्रिंकमध्ये गुपचूप व्होडका ओतायची आणि वर हसायचं, "काही नाही रे, मजा". जी पीत नाही तिला ते दोन घोटांतही चढतं, आणि त्यात गोळीही असेल तर दोन्ही मिळून श्वास मंदावतो, माणूस मरूही शकतो. मजा म्हणणाऱ्या पोरांनी हे वाचत असाल तर ऐका, गुन्हा करायच्या हेतूने कोणाला नशेचं काही पाजलं तर कलम १२३, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. पुढे तिला हातही लावला नाही तरी.

माझे मामा भुसावळला रेल्वेत होते. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की प्लॅटफॉर्मवर फिरायला न्यायचे, आणि एकदा तिथे एक चांगला सफारी घातलेला माणूस बाकड्यावर बसलेला बघितला, पायात बूट नाहीत, मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा फक्त उमटलेला, आणि मामा विचारतायत नाव काय, गाव काय, तो नुसता हसतोय. शेजारच्या प्रवाशाने चहा पाजला होता. "चांगला होता हो, घरच्यासारखा बोलत होता" एवढंच त्याला दोन तासांनी आठवलं. पेपरवाले त्या टोळ्यांना अ‍ॅटिव्हान गँग म्हणायचे, अ‍ॅटिव्हान म्हणजे लोराझेपाम, झोपेचीच गोळी. आता बघ, फ्रान्समध्ये जिझेल पेलिको नावाच्या बाईला तिचा नवरा जवळजवळ दहा वर्षं जेवणा-पिण्यातून जे देत होता तेही लोराझेपामच. ती बिचारी विसरायला होतं म्हणून डॉक्टरांकडे चकरा मारत होती, तिला वाटायचं मेंदूचाच काही आजार झालाय. डिसेंबर २०२४ मध्ये त्या नवऱ्याला २० वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच खटल्यातले आणखी पन्नास पुरुषही दोषी ठरले, बहुतेक त्यानेच घरी बोलावलेले. तिने तोंड लपवलं नाही, खटला सगळ्यांसमोर चालवा म्हणाली. हे सांगतेय कारण आपण पोरींना शिकवतो अनोळखी माणसापासून जप, आणि ट्रेनमध्ये ते बरोबरच आहे, पण 'घरच्यासारखा बोलत होता' हा भाग दोन्हीकडे सारखाच आहे. ग्लासात काही टाकायला ग्लासाजवळ उभं राहता यायला लागतं, आणि तिथे उभं राहिलेलं ज्याचं कोणाला खटकत नाही तो ओळखीचाच असतो.

आता तुझं. सहा दिवस झाले म्हणून सगळं संपलं असं समजू नकोस. जीएचबीसारखी काही द्रव्यं लघवीतून बारा तासांत निघून जातात हे खरं, पण झोपेच्या गोळ्यांमधल्या काहींचे अंश काही दिवस, क्वचित आठवडाभरही सापडू शकतात, त्यामुळे लघवीचा नमुना द्यायचाच. तो गल्लीतल्या लॅबमध्ये देऊन उपयोग नाही, तिथे शुगर-क्रिएटिनिन होतं, हे सरकारी दवाखान्यातून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जावं लागतं. दुसरं, केस. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात आणि रक्तातलं त्यात उतरतं, म्हणून महिन्याभराने केसांचीही तपासणी होऊ शकते. तोपर्यंत केस कापू नकोस, कलर नको, स्ट्रेटनिंग नको. आणि अहवालात काही नाही आलं तर त्याचा अर्थ काही घडलंच नाही असा होत नाही, उशीर झाला एवढाच होतो. हे आत्ताच मनात पक्कं कर, नाहीतर तो एक कागद हातात घेऊन ग्रुपवाले नाचतील.

ती पंधरा-वीस मिनिटं. तू पत्रात ती एका ओळीत उरकलीस पण मला माहितेय रात्री झोप त्यानेच लागत नाहीये. डॉक्टरांना ते स्पष्ट सांग, "मला माहीत नाही काय झालं, म्हणून सगळं तपासा." गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्ही टाळायची औषधं दोन्ही ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात, ती वेळ गेली (वाचणाऱ्या बाकीच्यांनी हा आकडा लक्षात ठेवा, बहात्तर, आणि त्यातही जेवढं लवकर तेवढं चांगलं). पण बाकीच्या संसर्गांवर उपचार आत्ताही होतात. एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन-तपासणी केंद्रात, फुकट होते, आत्ता एकदा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा परत. प्रेग्नन्सी टेस्ट त्या दिवसापासून तीन आठवड्यांनी, किंवा पाळी चुकली तर आधीच.

पोलिसात गेल्याशिवाय दवाखाना हात लावत नाही हा समज काढून टाक. उपचार आधी, तेही फुकट, आणि हे खाजगी दवाखान्यालाही लागू आहे, नाकारलं तर त्यांच्यावर गुन्हा होतो. दवाखाना पोलिसांना कळवतो, पण जबाब द्यायचा का, तक्रार करायची का, हे तू ठरवायचं, नाही म्हटलंस तर तसं लिहून घेतात. (मुलगी अठराच्या खालची असेल तर मात्र वेगळं, तिथे पोक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा लागतो आणि कळवणं बंधनकारक.) त्या जुन्या दोन बोटांच्या तपासणीची धास्ती असेल तर ती सुप्रीम कोर्टाने बंद करायला सांगितलीय, २०२२ मध्ये तर असंही म्हटलं की जो करेल तो गैरवर्तनाचा दोषी. कोणी करायला लागलं तर थेट नाही म्हण.

तक्रारीचं. मळा यावलकडे, तू जळगावची, म्हणून 'आमच्या हद्दीत येत नाही' असं कोणी ठाण्यात सांगितलं तर झिरो एफआयआर म्हण, कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा. नाव छापलं किंवा पसरवलं तर तोही गुन्हा. आणि एवढ्या गंभीर गुन्ह्याला मुदत नसते, सहा दिवसांनी, सहा महिन्यांनीही देता येते. तू दे असं मी म्हणत नाही. तुला ते खटला, तारखा, ऑफिसात रोज त्याच चेहऱ्यासमोर बसणं झेपणारे का, हे तुलाच माहीत. पण पुढे कधी मन झालं तर हातात काही असायला हवं, म्हणून एक काम आजच करून टाक.

पार्टीचे फोटो. ग्रुपवर सत्तर-ऐंशी तरी टाकले असतील ना? सगळे डाउनलोड कर, डिलीट व्हायच्या आत. त्यात विहिरीचा कठडा दिसतो का बघ, ग्लास कुठे आहे, बाटली कोणाच्या हातात आहे, फोटोची वेळ काय आहे. मागे कोण उभं आहे हे फोटो काढताना कोणी बघत नाही. 'ऊन लागलं असेल' वाल्या मेसेजचे स्क्रीनशॉट, कोणी काय लिहिलं, किती वाजता. मग एक वही घेऊन तुला आठवतं ते आणि मैत्रिणीला आठवतं ते वेगवेगळं लिहा, एकमेकींचं न बघता. त्या दिवशीचे कपडे धुतले नसतील तर तसेच कागदी पिशवीत ठेव, प्लास्टिकमध्ये नको, दमट होऊन खराब होतात. धुतले असतील तरी टाकून देऊ नकोस.

त्या सिनियरचं नाव तू लिहिलं नाहीस, बरं केलंस. नुसतं 'मी सोडतो' म्हणणं हा पुरावा नाही, चांगल्या मनानेही म्हणतात लोक. पण तुझ्या मैत्रिणीने जे केलं ते बघ, तिला खात्री नव्हती, भांडण करायचं नव्हतं, जेवण अर्धं टाकलं आणि भावाला फोन लावला. तुझी बहीण पुण्याला जाताना तिला पेपर स्प्रे वगैरे घेऊन देशीलच, दे, पण तिला अशी एक मैत्रीण लागणार आहे, आणि तिला स्वतः अशी व्हायला लागणार आहे. दोघींनी निघायच्या आधी ठरवायचं, एकत्र जायचं एकत्र यायचं, आणि एकीने ठरलेला एखादा शब्द म्हटला की दुसरीने कारण न विचारता उठायचं. 'मावशीचा फोन आला' असं काहीही चालतं.

आणि ग्लासाचं असं सांग तिला. आपल्या घरात उष्ट्याचं केवढं असतं, आजी तर पाण्याच्या तांब्याला तोंड लागलं तरी घासून घ्यायची. तेच लावायचं. ग्लास हातातून सुटला, नजरेआड झाला, की तो उष्टा. ओतून द्यायचा, कितीही भरलेला असो, आणि नवीन घ्यायचा. बाटली आपल्यासमोर फुटलेली किंवा आपण फोडलेली. चव खारट लागली, कडवट लागली, फेस वेगळा वाटला तर दुसरा घोट नाही, पण चव बरोबर आहे म्हणून निर्धास्तही राहायचं नाही, बरीच द्रव्यं बेचव असतात. ऑनलाइन त्या पट्ट्या मिळतात, ग्लासात बुडवून रंग बघायच्या, त्यांच्या भरवशावर मी तरी राहणार नाही, त्या ठरावीक दोन-तीन द्रव्यंच ओळखतात, दारूत अजून दारू घातली तर काय ओळखणार. ट्रेनमध्ये कोणी बिस्कीट, चहा, पेढा दिला तर 'आज उपास आहे' म्हणायचं, खान्देशात उपासाला कोणी आग्रह करत नाही (साबुदाण्याची खिचडी काढली तर मात्र पंचाईत, मग सरळ पोट बिघडलंय म्हणायचं). प्रसाद असेल तर कपाळाला लावून रुमालात बांधायचा. गडबड वाटली तर रेल्वेत १३९, बाहेर ११२.

मुलग्यांनाही हेच सांग गं, तुझ्या भावांना, मित्रांना. त्यांच्या बाबतीतही घडतं, आणि ते तर कोणाला सांगतच नाहीत.

समोर कोणी असं ढेपाळलं तर काय करायचं हेही बहिणीला माहीत पाहिजे, कारण आपल्याकडे लगेच कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात, लिंबू पाजतात, घशात बोटं घालून उलटी काढतात. काही नाही करायचं यातलं, पाजलेलं श्वासनलिकेत जातं. कुशीवर निजवायचं, तोंड थोडं खाली, श्वास चालू आहे ना बघत राहायचं, १०८ लावायचा. 'झोपू द्या, सकाळपर्यंत उतरेल' म्हणून खोलीत एकटं टाकून यायचं नाही. कोणी 'मी बसतो जवळ' म्हटलं तरी आपण हलायचं नाही. जो ग्लास होता तो फेकायचा नाही. आणि शुद्धीवर आल्यावर पहिली लघवी स्वच्छ डबीत धरून ठेवायची, झाकण लावून फ्रीजमध्ये, ऐकायला कसंतरी वाटतं पण नंतर बारा तास गेल्यावर जे सापडत नाही ते त्या डबीत सापडतं.

आईला सांगायचं की नाही. मला तुझी आई माहीत नाही. "माय वं, कशाला गयथी तथी?" हे वाक्य पहिलं येईल याची तयारी ठेव, आमच्याकडेही पहिलं हेच आलं असतं. ते रागाचं वाटतं, असतं भीतीचं. आधी दवाखान्यात जाऊन ये, मग सांग, म्हणजे 'आता काय करायचं' याचं उत्तर तुझ्याकडे असेल आणि तिला नुसतं रडत बसावं लागणार नाही. आणि सांगवत नसेल तर १८१ लाव, महिला हेल्पलाइन आहे, जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरला जोडून देतात, तिथे समुपदेशक आणि वकील दोन्ही मिळतात, पैसे लागत नाहीत.

सरकारी मेडिकल कॉलेज जळगावला आहे, धुळ्याला आहे, नंदुरबारला आहे, तुला जळगावात कोणी ओळखीचं भेटेल अशी धास्ती असेल तर धुळ्याला जा, बसने दोन-अडीच तास. केसपेपरच्या रांगेत वेळ जातो, सकाळी लवकर पोच. निघताना खाऊन निघ. आणि मैत्रिणीला सोबत ने, तीच जिने भावाला फोन लावला.